खिडकीवरचा पत्रा

४ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला. रागव, पण पत्र वाचून झाल्यावर.

तुझी बादली अजून जागेवर आहे. पेन्शन विभागात, पश्चिमेच्या खिडकीखाली, तू ठेवली होतीस तिथेच. तू निवृत्त झालीस, ती झाली नाही. शाळा सुटल्यावर ज्या खोलीत तुझ्या टेबलाखाली बसून मी गणितं सोडवायची, त्याच खोलीची गळती आता माझ्या टेबलावर आली आहे. बांधकाम खात्यातलं हे माझं पहिलं स्वतंत्र काम.

साहेबांचं म्हणणं, बाहेरून रंगाचा जाड हात मारा आणि मोकळे व्हा. आजवर तेच झालं. मी खिडकीवरच्या थोड्या विटा काढून पाहिल्या. ती भिंत दुहेरी आहे, मध्ये पोकळी. पाऊस बाहेरच्या विटांतून झिरपून पोकळीत उतरतो. खिडकीच्या डोक्यावर एक वाकवलेला पत्रा असतो, तो हे पाणी झेलतो आणि बाहेर काढतो. आपला पत्रा हातात घेतला तर पापडासारखा मोडला. त्यावर रंग मारून काय होणार?

मी पत्रा बदलणार म्हटलं. साहेब म्हणाले, बदला, पण ऑफिस एक दिवसही बंद राहणार नाही. आणि यंदाच्या पावसात थेंब आत आला तर खोलीला कुलूप. पेन्शन विभाग गावाबाहेरच्या नव्या इमारतीत. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. काठीवाल्या आजी अजून दर महिन्याला पेन्शनसाठी येतात. या एका जिन्यालाच त्या दोनदा थांबतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं ठरवलं आहे.

दादा-वहिनींना नमस्कार. तुझा लोभ कमी झाला तर मला लगेच कळतं, म्हणून जपून.
तुझी
भिंगरी

•

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. रागवायचं राहून गेलं, पत्र दोनदा वाचलं.

साहेब बदलतात, रंगाचा हात तोच राहतो. तू ऐकू नकोस. पण चढ्या आवाजात भांडूही नकोस. त्या खोलीत आवाज चढला की सगळे कान देतात, हात कोणी देत नाही.

माझ्या बादलीला हसू नकोस. तिने तुमच्या खात्यापेक्षा इमानाने नोकरी केली आहे.

शिपाईमामांना सांभाळ. त्या इमारतीवर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं त्यांची बायकोच म्हणायची. कुठे ओरखडा दिसला तर त्यांना जेवण जात नाही.

इथे सगळं ठीक. माझी खाट हल्ली पुढच्या खोलीत आणली आहे. मागच्या खोलीत हवा कोंदट वाटते. तुझ्या दादाला नव्या घराचं फार कौतुक, सकाळी उठून भिंतींवरून हात फिरवतो.

जेवणं वेळेवर कर. आशीर्वाद मागायची तुला गरज नाही, ते चालूच असतात.
तुझी
आत्या

•

१८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. काम संपलं. हाताला अजून सिमेंटचा वास आहे.

खिडकीवरच्या सगळ्या विटा एकदम काढता येत नाहीत, वरची भिंत खाली बसेल. म्हणून हातभर काढायच्या, पत्रा सरकवायचा, आधीच्या पत्र्यावर चढवून जोडायचा, विटा परत बांधायच्या, त्या पक्क्या झाल्या की पुढचा हातभर. ठोकाठोकी ऑफिस उघडायच्या आधी आणि जेवणाच्या सुट्टीत. बाकी वेळ आतले लोक आवकजावक करणार आणि मी बाहेर परातीत माल कालवणाऱ्यांना हळू बोला म्हणून सांगणार. फायलींवर चादरी घातल्या. तुझ्या जागेवरच्या नव्या हेडक्लार्कबाई रोज विचारायच्या, तुमची भिंत अजून पोटभर खाऊन झाली नाही का. शेवटी शेवटी त्याच आमच्यासाठी चहा ठेवायला लागल्या.

मामांनी तर गवंड्यांना हैराण केलं. पडलेला प्रत्येक ठिपका ते ओल्या फडक्याने पुसत होते.

परांची उतरवली. शुक्रवारी साहेबांसमोर पाइपने भिंतीवर पाणी मारून दाखवायचं आहे. तुझी खाट अजून पुढच्याच खोलीत का?
तुझी
भिंगरी

•

२४ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. आज बाकी रीत राहू दे.

पाणी आत आलं. बाहेर माणसं पाइप धरून, आत मी आणि साहेब खिडकीकडे बघत. आधी काही नाही. मग चौकटीच्या कोपऱ्यात ओल धरली आणि थेंब पडला, नेमका तुझ्या बादलीत. साहेब बादलीकडे बघून गेले. नव्या इमारतीत टेबलं मोजायला माणूस पाठवला आहे, असं संध्याकाळी कळलं.

पत्रा बरोबर बसला आहे. प्रत्येक जोड मी स्वतः पाहिला आहे, हे मी कुणापुढेही सांगेन. मग चुकलं कुठे? माझ्यामागे भिंतीला कोणी हात लावला का, असं सगळ्यांना विचारलं. कोणी नाही. गवंडी नाही म्हणतात, मामा नाही म्हणतात, हेडक्लार्कबाईंना तर विचारल्याचाच राग आला.

ढग येऊ लागले आहेत. मी पुन्हा सगळं उघडायला तयार आहे. रंगाचा हात मारणार नाही.
भिंगरी

•

२८ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. डोकं थंड ठेव आणि हे नीट वाच.

भिंतीतलं मला कळत नाही. त्या खोलीतली माणसं कळतात. तिथे कोणी केलं असं विचारलंस की सगळे मूग गिळून बसणार. मी तिथे हे कधी विचारलं नाही. हरवलेली फाइल शोधायची असली तरी मी म्हणायची, कपाट कोणी एवढं छान लावलं? मग लावणारा स्वतःच पुढे यायचा आणि फाइल कुठे दडपली तेही सांगायचा.

तू मामांना बोलाव. शेवटचं काम फार स्वच्छ झालंय म्हण, आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला जड जाईल, माहीत आहे.

दादाचं कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढावं लागलं, म्हणून चालायला जागा कमी झाली आहे. बाकी बरं. तू माझी काळजी करू नकोस, तू भिंतीची कर.
आत्या

•

९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. आज रीत पाळते, तुझा मान आहे.

मामांना म्हटलं, काम फार स्वच्छ झालंय. आणि गप्प राहिले. मामांचा चेहरा उजळला. म्हणाले, कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं. मला शिडीवर चढवून त्यांनी आपली कारागिरी दाखवली. पत्र्यावरचं पाणी बाहेर पडायला विटांमध्ये बारीक छिद्रं ठेवली होती. खाली छज्जा आहे, म्हणून जमिनीवरून ती दिसत नाहीत. परांची उतरायच्या आधी, उरलेला माल वाया जाऊ नये म्हणून, मामांनी एकूण एक छिद्र बुजवलं होतं. इतकं सुबक, की बोट फिरवूनही कळेना. त्यांना वाटलं, गवंडी घाईत भोकं तशीच सोडून गेले. चिमण्या घरटी करतील. साहेब येणार, बरं दिसणार नाही. वर म्हणाले, भिंतीला हात लावला का असं विचारलंस, म्हणजे खोडी केली का असं वाटलं, हे तर काम होतं!

पाणी पत्र्यावर तुंबलं आणि आत उलटलं. भिंतीतून पाणी येऊ द्यायचं असतं, फक्त बाहेरच्या बाजूने, असं मी समजावलं. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. मग कोणाला हात लावू न देता बारीक छिन्नीने सगळी छिद्रं त्यांनीच मोकळी केली.

साहेबांना पुन्हा पाणी मारून दाखवायची गरज पडली नाही. पाऊसच आला, वाऱ्यासकट, पश्चिमेकडून. ऑफिस भरलेलं होतं. छिद्रांतून बारीक धारा छज्ज्यावर पडत होत्या. साहेबांनी खिडकीवर हात फिरवला, तळवा पाहिला, कोरडा. नव्या इमारतीतली टेबलं दुसऱ्या विभागाला द्या, एवढंच म्हणाले. खाली काठीवाल्या आजी जिन्यात नेहमीच्या पायरीवर थांबल्या होत्या.

बादलीत मामा आता लोकांच्या छत्र्या ठेवतात.

आणि आत्या, कोंदट हवेने कोणी कपाट भिंतीपासून पुढे ओढत नाही. पाऊस आता तुमच्याकडेही आला असेल. शनिवारी येते. शिडी आहे का?
तुझी
भिंगरी

•

१३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. साहेबाच्या कोरड्या तळव्यापर्यंत वाचलं आणि दादाला वाचून दाखवलं. पुढचं माझ्यापुरतं ठेवलं. त्याने हौसेने घर घेतलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगू म्हणून मी गप्प होते. काल माझं अंथरूण उचलताना त्याने स्वतःच खालची ओल पाहिली. लगेच रंगारी बोलावला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

शिडी शेजारून आणून ठेवली आहे. मामांना सोबत आणता आलं तर आण.

बादली आणू नकोस. इथे दोन भरतात.
तुझी
आत्या