जागा आहे का

१२ तारीख, दुपार

पोचलो एकदाचा! धक्क्यावर पाऊल ठेवतोय तोच ताईने हातात लाइफजॅकेट कोंबलं. तिचा नेहमीचा चौथा गडी पाय मोडून घरी बसलाय, म्हणून शर्यतीत माझी वर्णी लागली. मी शाळेतला ग्रंथपाल, समुद्र पाहिला तो नकाशात. एरवी घरात मी कायम 'चला, यालाही घ्या' मधला.

आमच्या बोटीला सगळे म्हैस म्हणतात. बाकीच्या बोटी सडपातळ, शर्यतीसाठीच बांधलेल्या. आमच्यावर गाद्या, शेगडी, पुस्तकांचं फडताळ, सगळा संसार. तरी भावोजींनी चषक दिवाणखान्यात कुठे ठेवायचा ते ठरवून टाकलंय. पाण्यात म्हैस अन् वर मोल! तिसरे आहेत काका, निवृत्त रेडिओ मेकॅनिक, चष्म्याशिवाय आंधळे आणि चष्म्यासकट विसरभोळे.

ताईने एक नियम तीनदा बजावला. जितके चढले तितकेच उतरले पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही, नाहीतर शर्यत बाद. दर सहा तासांनी माणसं मोजून रेडिओवर कळवायची.

स्वयंपाकाच्या ओट्यावर चार आकडे, त्यांना टांगलेले चार मग. चौथा मग माझा, झोपायचा चौथा बंकही माझा. माझ्यासाठी आजवर कोणी आकडा ठोकला नव्हता. मग दोनदा काढून पुन्हा अडकवला, लिहायला लाज कसली. लहानपणी ताईने फेकून मारलेल्या कंपासपेटीची खूण माझ्या कपाळावर आहे. ती बोटाने चाचपून ताई म्हणाली, आता फिटंफाट.

१३ तारीख, संध्याकाळ

चौदा बोटींत नववे! दोनदा ओकलो, पण अर्धा तास सुकाणू माझ्या हातात होतं. मागून येणाऱ्या एका बोटीवरच्यांनी हंबरून दाखवलं. ताईने म्हशीसारखंच उत्तर दिलं, म्हणजे ढुंकूनही पाहिलं नाही.

१४ तारीख, दुपारी चार

दाट धुकं. वारा पडलाय, शिडं लुळी. दोनच्या सुमारास बंकवर डोळा लागला होता. वरच्या छोट्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, जागा आहेस का. माझी पाळी आली असं समजून मी आहे, आहे म्हणत डेकवर गेलो. कोणीच हाक मारली नव्हती. ताई शिडापाशी, काका सुकाणूवर, भावोजी खाली घोरत होते. काका म्हणाले, पहिल्या सफरीत सगळ्यांनाच भास होतात.

भास असेल. पण पाण्यात उतरणाऱ्या मागच्या शिडीपासून माझ्या खिडकीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते, आणि परतीचे नव्हते.

सहा वाजता

काकांनी रेडिओसाठी माणसं मोजली. पाच झाली. हसले, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. चार.

१५ तारीख, सकाळ

आता लक्षात आलं. त्या आवाजात 'स' नव्हता. जागा आहे का, असं विचारलं होतं. आणि मी आहे म्हणालो. दोनदा म्हणालो.

चौथा मग आकड्यावर नाही. मागच्या बाकावर रेनकोटमध्ये कोणीतरी बसलाय, मग त्याच्या हातात. ताईने धाकट्या म्हणून हाक मारली. धाकट्या म्हणजे मी. त्याने ओ दिली — माझ्या आवाजात.

दुपार

भीती वाटते, कबूल. पण मी काही फुकट आलेला पाहुणा नाही. त्याच्या तोंडावर ओरडलो, जागा नाही! कोणी मान वळवली नाही. नाही म्हणायलाही आधी स्वतःची जागा लागते म्हणे. ताईचा खांदा धरून हलवला. ती भावोजींना म्हणाली, गारठा वाढलाय.

त्याची टोपी मागे सरकली. चेहरा माझा. कपाळ कोरं, खूण नाही.

दोरीने स्वतःला बंकला बांधून घेतलंय. तीन गाठी. उठवून दाखव म्हणावं.

चार वाजता

गाठी तशाच — दोरी तशीच — मी बाहेर. मागच्या शिडीवर. पाणी गुडघ्यापर्यंत.

शेवटच्या रेषेवरचा भोंगा ऐकू येतोय. पंच मोजतील. चार भरतील.

त्याने कसं केलं ते कळलं. रात्रभर जागलेले भावोजी शिडीशेजारच्या खिडकीखाली झोपलेत. मीही विचारू शकतो. झोपेत ते आहे म्हणतील — मग ते इथे, मी तिथे —

ओठांवर आलंय. दात आवळलेत.

नाही विचारणार. बुडालो तरी नाही. एवढं तरी माझ्या हातात आहे, बघतोच.

पाणी कमरेला. ताई, वही खिडकीतून आत टाकतोय. मोजू नकोस. कपाळं बघ. खूण तुझ्या हातची आहे, तूच ओळखशील — मग त्याच्या डोळ्यात बघ आणि मोठ्याने म्हण, तुझं ऐकावंच लागेल त्याला, म्हण — जागा ना