घोंगडीतलं लोखंड

मु. अंबड
कार्तिक वद्य ५, ता. २१ नोव्हेंबर १९४८

चिरंजीव रायभान यास म्हस्कूमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुझ्या आईचा, आमच्या साखराचा, खोकला उतरला. तुझं पत्र आलं तेव्हा साखरानं ते आधी देवापुढं ठेवलं, मंग मला म्हणाली, "दादा, वाच. पण जल्दी वाचू नको, पुरवून पुरवून वाच." तुझे आबा, आमचे रखमाजी दाजी, पलीकडं सूत कातत बसल्यासारखं करत होते. नव्या सरकारनं तुला हेरगिरीच्या शिक्षणासाठी निवडलं हे वाचलं, तसं त्यांच्या डाव्या हातातली चाती थांबली. म्हणाले, "मामावर गेला पोरगा." मी मान खाली घालून पुढचं वाचलं.

तू विचारलंस की, मामा, जर्मनच्या लढाईच्या वक्ताला तुम्ही पलटणीत हे काम शिकलात, तर तिथं काय काय करून घेतात ते आधीच कळवा, म्हणजे चारचौघांत हसं होणार न्हाई. कळवतो.

पहिला महिना तुला वाटेल, आपण चुकून शाळेत येऊन बसलो. बंदूक कमी आणि वही जास्त. दाढीमिशा लावून वेष पालटायचं म्हणशील, तर मी ते एकदाही पाह्यलं न्हाई. नकाशा वाचायचा, पावलं मोजत चालायचं. डाव्या खिशात खडे ठेव आणि दर शंभर पावलांना एक उजवीकडं टाक, म्हणजे कुणी मधी बोलायला आलं तरी हिशेब मोडत न्हाई. चहाच्या दुकानात तासभर बसवतील आणि परत आल्यावर विचारतील, डावखुरा माणूस कोणता होता? एखादा नवा दोस्त गोड गोड बोलून घरचं विचारायला लागला, तर समज, तो साहेबानंच सोडलेला आहे. जेवणात डाळ पातळ असते, तिखट घरून ने.

मेजावर वीस चिजा मांडून, दहा आकडे मोजेपर्यंत दाखवतात आणि झाकतात. तिथं बिलकुल भिऊ नको. वाड्यातून मेंढरं सुटताना आपण जोडीजोडीनं नजरेखालून काढतो ना, तसंच काढ. मी तसं केलं आणि एक चीज चुकली न्हाई. शिकवणारा उस्ताद बाकीच्यांना म्हणाला, "देखो, ये गडरिया तुम सबका बाप निकला!" गडरिया म्हणजे धनगर. मला शाळा ठावी न्हाई. उर्दू पलटणीत शिकलो, मराठी अक्षरं पोथी ऐकता ऐकता बोटानं गिरवली. मला कुणी असं म्हणालं, की छाती फुगायची. ते चांगलं झालं न्हाई.

उस्तादाचं एक वाक्य होतं. "आँख का लिखो, मन का मत लिखो." म्हणजे दिसलं तेवढंच कागदावर घाल, आपला अंदाज घालू नको. तुलाही हेच शिकवतील. शिक, पण ह्याबद्दल मला पुढं लिहायचं आहे.

तुझ्या पत्रात खाली दोन ओळी आहेत. त्या मी साखराला वाचून दाखवल्या न्हाईत. एक, तू भरतीच्या फारमात ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव दिलंस. दुसरी, आबांवर ज्यानं खबर दिली त्याला हे काम शिकून आधी हुडकून काढतो, असं लिहिलंस.

रायभान, पलटणीतून सुटून आल्यावर माझं ते काम सुटलं, असं घरात सगळ्यांना वाटतं. सुटलं न्हवतं. मागच्या राजवटीतल्या एका जमादार साहेबानं मला इथल्या कचेरीत बोलावलं आणि सांगितलं, तुझा मेंढरांमागं फिरायचा सराव बराबर कामाचा आहे. हत्यारं घेऊन वऱ्हाडच्या हद्दीकडं कोण जातं, कोण येतं, एवढंच कळव. मी हो म्हणालो. दोन महिने काही सापडलं न्हाई. साहेब हसून म्हणाला, "क्यूं म्हस्कू, आँख में मोतिया पड़ गया क्या?"

ते मला लागलं. एवढीच गोष्ट आहे, बाळा. मार न्हवता, धमकी न्हवती. लागलं.

त्याच हप्त्यात तुमच्या वाड्यावर मेंढरांची कातरणी होती. त्या कागदावर मी काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. "तेवीस माणसं. चार गावची. दोघं-दोघं, निरनिराळ्या वाटांनी आली. हर एकाच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेलं लोखंड. चुलीवर तिसांचा स्वयंपाक. घरधनी रखमाजी."

यातला एक शब्द खोटा न्हाई. ते लोखंड म्हणजे मेंढराच्या कातरी होत्या. धारेला दव लागू नये म्हणून आपण घोंगडीत गुंडाळून नेतो, कातरणीला चार गावची भावकी येते, सगळ्यांना जेवू घालतो, हे धनगराच्या पोराला सांगावं लागतं का? मला ठावं होतं. तेवीस मी मोजले, चोवीसावा मी होतो. माझ्याही काखेत कातर होती. साखराच्या हातचं जेवून, हात पुसून, मी तो कागद लिहिला. आणि मनाला म्हणालो, उस्तादानं सांगितलंय, मनातलं लिहायचं न्हाई.

साहेब एखादा माणूस पाठवील, तो कातरी बघून हसेल, असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं, का आता तसं लिहून राह्यलो, ते मला सांगता येत न्हाई.

उजाडता उजाडता साहेबाचे शिपाई आले. दाजींच्या उजव्या हातावर बंदुकीचा दस्ता घातला. पुढचं तुला ठावं आहे. तू त्याच दिवशी हद्दीपलीकडं पळालास. दाजी दहा महिने तुरुंगात. कळप उधळला.

परवा कातरणी झाली. अकरा मेंढरं राह्यलीत, पाच-सहा जणच आलते. दाजींनी आपली कातर माझ्यापुढं धरली. "पाव्हणं, माझी बोटं काही वळत न्हाईत. ही तुम्हीच चालवा." माझा हात पुढं होईना. तर म्हणाले, "बंदूक धरलेला गडी मेंढराला भेला व्हय?" सगळे हसले. पहिल्याच मेंढराला मी कातडीत कातर घातली. रक्त आलं. दाजींनी डाव्या हातानं हळद दाबली आणि मलाच समजावलं, "होतं असं. सराव मोडला की होतं." मी म्हणालो, "दाजी..." ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "पाणी द्या जरा."

आता शिक्षणातली शेवटची गोष्ट सांगतो. शेवटी ते तुझीच खबर काढतात. गावात येतात, विचारतात. नात्यात वाईट माणूस निघाला तर एक वेळ चालवून घेतात. तू तो लपवला असला, तर न्हाई. म्हणून फारमावरचं माझं नाव खोडू नको, आणि हे पत्र फाडू नको. तुझ्या साहेबापुढं ठेव. माझे कागद सरकारी कपाटात असतील. त्यावर नाव न्हाई, मेंढराच्या कानाला देतो तशी एक चीर काढलेली आहे. मला न्यायला आले तर मी घरीच आहे.

आणि तुझ्या कागदावर डोळ्याचं लिही, पण जे ठावं आहे ते गाळू नको. हे मला कुणी शिकवलं न्हाई.

पत्र टपालात टाकतो आणि तसाच वाड्यावर जातो. तू वाचशील तोवर दाजींना कळलेलं असेल, माझ्या तोंडून. साखरानं आत घेतलं न्हाई तर बाहेर बसेन.

शिकून हुडकतो म्हणालास. त्याची गरज राह्यली न्हाई.

खाली मामा लिहायचा मला हक्क आहे का, ते तू ठरव. त्या कागदावर चीर काढली होती, ह्यावर नाव लिहितो.

म्हस्कू
कातरणीतला चोवीसावा