काम कोणी केलं?

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. तुझा धाकटा भाऊ एका मोठ्या कंपनीच्या यादीवर आला आहे. यादीवर आला म्हणजे नोकरीला लागला असं नव्हे. नीट समजावून सांगतो, कारण मलाच समजायला दोन महिने लागले.

गिऱ्हाईक कंपनीला फोन करतं की बाथरूम गळतंय, जुनी फरशी काढून नवी बसवा. कंपनीकडे गोड आवाजाची मुलगी आहे, छापील कागद आहेत, पण फरशी बसवणारा एकही माणूस नाही. मग कंपनी ते काम आमच्या भागाच्या कंत्राटदाराला देते. त्यांना आम्ही मधलेशेठ म्हणतो. त्यांच्याकडे गाडी आहे, दोन फोन आहेत, थापी नाही. ते काम मला देतात. मी पोटकंत्राटदार. माझ्या खाली फक्त जमीनच उरते, म्हणून काम मला करावं लागतं.

बिल मात्र खालून वर चढतं. मी मधलेशेठना देतो, ते कंपनीला, कंपनी गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक शंभर मोजतं तेव्हा माझ्या हाती बेचाळीस येतात, तेही दीड महिन्याने. गिऱ्हाइकाला आपलं नाव सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही, अंगात कंपनीचा निळा शर्ट घालायचा. तो मला दोन नंबर मोठा आहे. लांबून बघितलं तर शर्टच कामाला आलाय असं वाटतं.

माझं पहिलं बिल सोबत पाठवतोय. तू ऑफिसात दिवसभर लोकांची बिलं तपासतेस, तर यावरही नजर टाक. बाबांना यातलं काही बोलू नकोस. ज्या कामावर आपलं नाव नाही ते काम कसलं, असं ते विचारतील.

लोभ ठेव. त्याला वर्क ऑर्डर लागत नाही.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बिल पाहिलं. अक्षर सुरेख आहे, बाकी सगळं चुकलंय. वर्क ऑर्डरचा नंबर नाही, तारीख नाही, किती चौरस फूट ते नाही, आणि कामाच्या वर्णनात तू 'बाथरूम मस्त झालं' असं लिहिलंयस. असं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर पाच मिनिटांत परत गेलं असतं. सगळं पुन्हा लिही आणि काम पूर्ण झाल्याचा कागद गिऱ्हाइकाची सही घेऊन जोड. त्या कागदावर खाडाखोड अजिबात नको. मी अशा कागदांवर लाल शेरे मारूनच घर चालवते, तेव्हा माझं ऐक.

आता एक कबुली. बाबांच्या बाथरूमची ओल झोपायच्या खोलीत उतरली आहे. तू त्यांच्यापासून अर्ध्या तासावर राहतोस, तरी तुला सांगायची माझी छाती झाली नाही. चार वर्षांपूर्वी तू त्यांच्या गॅलरीत फरशी बसवलीस आणि उतार बाहेर द्यायचा तो घरात दिलास. गॅलरी धुतली की पाणी थेट त्यांच्या खुर्चीखाली यायचं. तुझी ऑफिसातली नोकरी सोडणं त्यांनी कसंबसं गिळलं होतं, पण ते पाणी त्यांना गिळता आलं नाही. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. म्हणून तुझं पत्र यायच्या आधीच मी एका नामांकित कंपनीला काम देऊन टाकलं, पैसेही भरले. तुझ्या बिलावर तिचंच नाव दिसलं, ती तुझीच कंपनी निघाली! पण शहर केवढं मोठं, त्यांची माणसं किती. नेमका तूच कशाला जाशील?

रागावू नकोस. रागावलास तर तसं लिहून कळव, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नेमका मीच गेलो.

आदल्या दिवशी मधलेशेठनी पत्ता पाठवला, तो बाबांचाच. काम नाकारलं तर नाव यादीच्या तळाशी जातं. गेलो. बाबांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शर्टावरचं कंपनीचं नाव मोठ्याने वाचलं आणि आपण कुठून आलात असं विचारलं. मी कंपनीकडून आलो असं सांगितलं. मग या, म्हणाले.

चार दिवस हेच चाललं. आपण पाणी घेणार का, आपल्याला दिवा लावून देऊ का. मीही नियमाप्रमाणे त्यांना सर म्हणत होतो. ते बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे, आणि चार दिवस त्यांचं पान काही उलटलं नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातली एक फरशी मला केसभर उंच वाटली. दुसऱ्या कुणाच्या घरी असती तर तशीच दामटली असती, हे तुझ्यापाशी कबूल करतो. पण इथे माझ्या मानेवर नजर होती. फरशी उचकटून पुन्हा बसवली.

शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः बादलीभर पाणी ओतलं आणि हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. पाणी मुकाट जाळीकडे गेलं. मग ते गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि कोपऱ्याकोपऱ्यात तळवा फिरवला.

मी सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर छापलेलं असतं की वरील काम कंपनीच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी केले. तुला बाबा माहीत आहेत. चौतीस वर्षं दप्तरखान्यात काढली, पण खोट्या कागदावर सही केली नाही. आपल्या शाळेच्या रजेच्या अर्जात ताप आला असं न लिहिता कंटाळा आला असं लिहिणारा हा माणूस. त्यांनी पट्टी आणली, ती ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि त्याखाली लिहिलं, 'काम माझ्या धाकट्या मुलाने केले. समाधानकारक.' सही केली, तारीख घातली, आणि आपण आता निघालात तरी चालेल असं मला म्हणाले.

ताई, मी जिन्यात बसून रडलो. चांगला बाप्या माणूस, गुडघ्यांवर सिमेंट, आणि हुंदके देतोय. वरच्या मजल्यावरच्या बाई उतरत होत्या, त्यांनी विचारलं काही लागलं का. मी म्हणालो, हो, फरशी.

माझ्यावरची माया एवढ्यात आवरती घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा

३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे तुला टाळायला मी मोठी कंपनी गाठली, दुप्पट पैसे मोजले, त्यातले निम्म्याहून जास्त दोन परक्या लोकांना दिले, आणि आला तूच. ऑफिसात मला हिशेबाची पक्की समजतात. त्यांना हे कळू देऊ नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. मी शाळेत पहिली आले होते तेव्हा बाबा 'ठीक आहे' म्हणाले होते. 'समाधानकारक' मला अजून मिळालेलं नाही. खरं सांगते, हेवा वाटला. पण तो कागद नक्की परत येणार. माझ्याकडे आला असता तर मीही परत केला असता, आणि तेच मला लागून राहिलंय.

काय होतं ते कळव आणि जिवाला जप.

तुझी,
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद परत आला. खाडाखोड असल्याने अमान्य. कंपनीने नवा कोरा कागद सरळ बाबांना टपालाने पाठवलाय, एक अक्षरही न बदलता सही करून द्यावा म्हणून. महिनाअखेरपर्यंत सही आली नाही तर माझं बिल रद्द आणि यादीतून नाव बाद. माल मी माझ्या पैशाने आणला होता. पुढच्या महिन्याचं घरभाडंही याच बिलावर आहे.

मधलेशेठ म्हणतात, सख्खा बाप आहे, जाऊन सांग की सही करा. त्यांना काय ठाऊक! चार वर्षांनी बाबांनी माझ्याबद्दल एक खरी ओळ लिहिली, आणि ती पुसून खोटी लिहा असं मीच जाऊन सांगू? माझ्याने होणार नाही. बिल बुडालं तर बुडू दे. तूही त्यांना काही कळवू नकोस, तुला माझी शपथ.

या बिनडोक भावाला अंतर देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या ताईचे पत्र आले. तू तिला शपथ घातली होतीस हेही तिने त्यातच लिहिले आहे. तिच्यावर रागावू नये.

कंपनीचा नवा कागद आठवडाभर माझ्या टेबलावर होता. काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी केले, असे त्यात अजूनही लिहिलेले आहे. ते खोटे आहे. काल सकाळी मी त्यावर सही केली आणि स्वतः जाऊन कंपनीच्या कचेरीत दिला. पोच घेतली आहे, सोबत पाठवतो. तुझे बिल अडणार नाही. आयुष्यातली पहिली खोटी सही असल्याने हात अडखळेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. फारच वळणदार आली. चौतीस वर्षे मी उगाच स्वतःचा दरारा बाळगून होतो असे वाटू लागले आहे.

चार दिवस मी तुला 'आपण' म्हणालो. 'तू' म्हणण्याची सवय मोडली होती आणि पहिला शब्द कुठला काढावा ते सुचेना. तू शर्ट घालून आलास, मी 'आपण' घालून बसलो. दोघांनाही तसे बरे पडले.

बाथरूमचे पाणी व्यवस्थित जाते. शेजारचे निवृत्त मास्तर, खालचा वाणी आणि मीटर वाचायला आलेला माणूस, एवढ्यांना मी ते आतापर्यंत दाखवले आहे. काम कोणी केले तेही सांगितले आहे. कंपनीला कळवू नकोस.

तुझ्यावर लोभ होताच. लेखी कळवायचा राहिला होता.

बाबा