पिन, झिप आणि झिपरी

ती. बाबांस,
लेकीचा वाकून नमस्कार.

तुमचं पार्सल गावभर हिंडून एकदाचं मिळालं. आईने विणलेला स्वेटर जरा ढगळ होतो. लोकर सैल पडली असेल, मी काही वाळले नाही, असं तिला सांगा.

पण पत्त्यात पिन का नव्हता, ते तुमच्या चिठ्ठीवरून कळलं. "पिन कुणालाही सांगू नका असं बँकेने बजावलंय, म्हणून मुद्दाम घातला नाही." अहो बाबा, बँकेचा पिन म्हणजे पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर, तो माणसाची ओळख. पोस्टाचा म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, तो गावाची. पहिला लपवायचा, दुसरा ठळक लिहायचा.

तुम्हाला हसायला मला तोंड नाही म्हणा. इथे अमेरिकेत पोस्टाच्या पिनला झिप म्हणतात. तीही आद्याक्षरंच, पण इंग्रजीत झिप म्हणजे सुसाट जाणं, म्हणून टपाल झटकन पोचेल असं वाटावं अशी जुळवलेली. मी शिवणाच्या दुकानात दिवसभर पँटींच्या झिपा बदलते. पोस्टातल्या बाईंनी "झिप?" विचारलं, तर मी सांगितलं, "काळी, सात इंची."

खोली उबदार आहे. हीटर रुसला की स्वेटर घालून झोपते. तुमचा गुडघा काय म्हणतो?

एक गोष्ट आईलाही सांगू नका. इथल्या बँकेने सहा आकडी पिन मागितला, तेव्हा दुसरं काही सुचेना. आपल्या गावचाच देऊन टाकला. तो या पाकिटावर तुमच्या नावाखाली ठळक लिहिलाय.

तुमची,
झिपरी