ह्वे शहर मला पाठ आहे

३ सप्टेंबर

आणि मी कुठेच टिकत नाही, हे दादाने कितीदाही म्हटलं तरी खरं होत नाही. कोळंबीचं तळं मी सोडलं नाही, कोळंबीच मेली. बुटांचा कारखाना सोडला तो डिंकाच्या वासाने. सायगॉनला लाद्या बसवल्या त्या चांगल्या सात महिने. (पावणेसहा.) देशाच्या दक्षिण टोकाला का माउ, तिथल्या आमच्या घरातलं कुणी आजवर इतक्या लांब ह्वेला आलेलं नाही, आणि दादा फोनवर विचारतो काय, तर परत कधी येतोस.

काम बरं आहे. तटबंदीच्या आत एका जुन्या देवळाचं छप्पर नव्याने शाकारतायत, तिथे कौलं वाहायची. मुकादम थुएतकाका इथलेच. राहायला खे मावशींच्या बागेतली मागची खोली.

संकल्प: सात दिवसांत शहर पाठ करायचं. मग दादाला कळवायचं.

५ सप्टेंबर, संध्याकाळी ६

कामावरून आलो तर मावशी आणि त्यांची मुलगी उयेन ओसरीवर जेवायला बसल्या होत्या. मावशी म्हणाल्या, ये रे बाळा, दोन घास खा आमच्याबरोबर. बसलो. आमच्याकडे बोलावलं की माणूस बसतो. मावशींनी हातातला वाडगा खाली ठेवला. मग उयेनला म्हणाल्या, वाडगा आण गं.

इथले वाडगे बाहुलीचे. पाच झाले तेव्हा कुठे जेवल्यासारखं वाटलं. मावशींना भूक नव्हती.

८ सप्टेंबर

रोज बोलावतात. खानावळ बंद केली. मावशींना मात्र रोजच भूक नसते. ह्वेचे लोक देवाधर्माचे फार, उपास असावेत.

१० सप्टेंबर, रविवार

शहर पाठ करायला निघालो. तटबंदी चौकोनी. चारी बाजू सारख्या आणि दरवाजे दहा. ही बांधणाऱ्याची चूक आहे. आठला आत गेलो, दोनला बाहेर आलो. मध्ये एका चहावालीला तीनदा रस्ता विचारला. तिसऱ्यांदा तिने न विचारताच चहा ओतला आणि म्हणाली, बस, आता माझा मुलगाच सोडेल तुला.

नदीचं नाव मोठं आहे. आमच्याकडे एवढ्याला कालवा म्हणतात. वाहत नाही, नुसती असते. एका राजाने स्वतःची समाधी आधीच बांधून घेतली आणि जिवंतपणीच तिथे तळ्याकाठी आराम करायला जायचा म्हणे. हा माणूस मला पटला.

एकंदरीत शहर पाठ झालं. दादाला कळवलं. तो म्हणाला, बरं.

१४ सप्टेंबर

सहाला आलो तर ओसरीवर भांडी घासून उपडी. आता साडेपाचला जेवतात. थुएतकाकांकडून अर्धा तास आधी सुटायची परवानगी काढली. अर्ध्या तासाची मजुरी कापतील. कापू देत. एखादं घर आपल्यासाठी थांबतं, तेव्हा माणसाने वेळ पाळावी.

१६ सप्टेंबर

आता आठला जेवतात. साडेपाचला येऊन आठपर्यंत ओसरीवर बसलो. गप्पा झाल्या. म्हणजे मी मारल्या. उयेन म्हणाली, आमच्याकडे एवढा भात कधीच शिजत नव्हता. कौतुक झालं की मला संकोच होतो.

१९ सप्टेंबर

थुएतकाकांनी विचारलं, काय रे खोय, तुम्ही दक्षिणेतले लोक, जेवायला बोलावलं की खरंच जेवता? म्हटलं, मग काय नुसतं बघायचं? ते इतके हसले की हातातलं कौल फुटलं. मग म्हणाले, ह्वेमध्ये पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बोलावलं तर मग बघायचं.

संध्याकाळी हिशेब केला. मावशींनी मला आजवर चौदा वेळा बोलावलंय.

२४ सप्टेंबर, रविवार

उयेनला शहर दाखवलं. ती राजवाड्याच्या दारात तिकिटं फाडते. आधी म्हणाली, माझा जन्म इथला आहे. म्हटलं, म्हणूनच, जन्मलेल्याला शहर दिसत नाही. मी सगळे दरवाजे समजावून सांगितले. ती दर वेळी, असं का, म्हणत होती. एकाच कमानीखालून आम्ही तीनदा गेलो. तरी तिने अडवलं नाही. फेरफटका संपू नये असं मुलीला वाटलं की ती रस्ता सांगत नाही. एवढं जग मी पाहिलंय.

२६ सप्टेंबर

आईला फोन केला. मुलगी बघितली आहे, घर चांगलं आहे, त्यांच्या बाजूने सगळं तयार आहे, तू मागणी घालायला पानसुपारी घेऊन ये. आईचा आवाज भरून आला. दादाने फोन हिसकावून विचारलं, मुलगी हो म्हणाली का? म्हटलं, नाही कुठे म्हणाली?

२८ सप्टेंबर

दादाने आईची आणि मामाची आगगाडीची तिकिटं काढली. स्वतःच्या पैशाने. आईने नवा पोशाख शिवायला टाकला. आणि दादा म्हणाला, बरं केलंस, खोय. असं तो मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. तारीख लिहून ठेवली पाहिजे. वर लिहिलेलीच आहे.

३० सप्टेंबर

मावशींना सांगितलं, सात तारखेला आई येतेय, सुपारी घेऊन. मावशी म्हणाल्या, हो का, अवश्य येऊ दे, आमचं घर ते तुमचंच. मग उठल्या आणि बागेत झाडांना पाणी घालायला लागल्या. पाऊस चालू होता.

काम झालं.

१ ऑक्टोबर, रविवार सकाळ

नळावर उयेन आली. म्हणाली, खोय, एक सांगते, राग मानू नकोस. आई तुला रोज बोलावते, कारण जेवताना दारात आलेल्याला बोलवायचंच असतं. त्याने म्हणायचं असतं, आत्ताच जेवलो. आई पोस्टमनलाही बोलावते. अकरा वर्षं झाली, तो एकदाही बसलेला नाही.

म्हटलं, मग मावशींनी सांगायचं.

ती म्हणाली, वेळ दोनदा बदलली, आणखी कसं सांगायचं? तू बसलास त्या दिवसापासून आई चुलीपाशी उभ्याने भाताची तळाला लागलेली खरवड खाते. जास्त शिजवलं तरी तू संपवतोस.

मी विचारलं, आणि तुझं काय?

ती म्हणाली, माझं तू आज पहिल्यांदा विचारतोयस. माझं उत्तर नाही असं आहे. आणि गेल्या रविवारी माझे पाय फार दुखले.

बादली भरून वाहत होती. तिनेच नळ बंद केला.

२ ऑक्टोबर

ओसरीवरून गेलो. मावशी म्हणाल्या, ये बाळा, जेवायला. म्हटलं, आत्ताच जेवलो, मावशी. त्या म्हणाल्या, बरं. फार पटकन म्हणाल्या.

मग घरी फोन. दादाला सांगितलं की नीट विचार करून मीच नको म्हटलं. मुलगी ठीक आहे, पण घरात जेवणाच्या वेळा ठरलेल्या नाहीत. दादा काहीतरी लावून बोलेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, आई शेजारी पोशाख दाखवायला गेलीय, आली की सांगतो. मी म्हटलं, मी सांगतो. तो म्हणाला, नको, मीच सांगेन.

तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत. दादा म्हणाला, राहू दे, तू जेवत जा नीट. पण उद्या सकाळी कामावर जायच्या आधी पोस्टातून पाठवणार. दोन तिकिटं आणि आईची शिलाई धरून चौदा लाख साठ हजार डाँग.