तुमची बो

सिस्टर,

आज वास्तुशांतीचं सामान आलं. तूप पाऊण शेर, नारळ पाच, समिधांची जुडी, आणि गोमूत्राची बाटली दोन आण्यांना. डोंबिवलीच्या या नव्या खोल्यांच्या आसपास गाय नाही, म्हणून तेही विकतच. बाटली देवापाशी ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होतील. रडू वगैरे येत नाही, नुसतं आठवतंय.

कल्याणला तुम्ही शाळेतून आमच्या घरी एकदाच आलात, माझ्या मॅट्रिकच्या फॉर्मवर वडिलांची सही मिळवायला. ओटीवर पाटावर बसलात. वडील म्हणाले, "परीक्षा देऊन ही काय कलेक्टर होणार आहे?" तुम्ही म्हणालात, "नको होऊ दे. कलेक्टरच्या चुका काढेल." वडील हसले आणि सही केली. तेवढ्यात अंगणातली गाय हंबरते आणि तुम्ही मला विचारता, "संस्कृतात हिला काय म्हणतात ग?" मी म्हणते, "गो." तुम्ही टाळीच वाजवता. "आमच्या आयर्लंडात बो! एका जुन्या शब्दाच्या दोन लेकी, एक इकडे नांदते, एक तिकडे." तिकडेही ती स्त्रीलिंगीच, म्हणता, आधी 'अन' हे इंग्रजी 'द'सारखं उपपद लागलं की लाजून 'ब'चा 'व' होतो, 'अन वो'. पुष्कळ झाल्या की 'बा'. आई आतून पुटपुटते, "मडमेला गायीचं केवढं कौतुक!" पण दूध तिने पेलाभर दिलं.

तुम्ही फाटकाबाहेर गेलात तसा मी पाट उचलला आणि तुम्ही बसला होतात तिथे गोमूत्र शिंपडलं. ख्रिस्ती माणूस येऊन गेलं की आमच्याकडे तसं करत. हात झटकून वळले तर तुम्ही पायरीवर. छत्री विसरली होती. ती घेतलीत, म्हणालात, "सोमवारी फॉर्म पुरा भरून आण हं," आणि गेलात. सोमवारी वर्गातही नेहमीसारख्याच होतात. मी पास झाले, लग्न होऊन इकडे आले. तुम्ही तापाने गेलात, हे फार उशिरा कळलं.

यजमानांना हे सांगताना मी म्हटलं होतं, आईने शिंपडायला लावलं. आई तेव्हा आत पोळ्या लाटत होती. तिने काही सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

हे पत्र टाकायचं कुठे, ते या वहीतच राहील. तरी तुम्ही पायरीवर किती वेळ उभ्या होतात, तेवढं उलट टपाली कळवावं.