दादाच्या आवाजातलं बोलावणं

आई, पप्पा,

"दादाचं जहाज कुठे अडकलंय?" हे त्या भविष्यवाल्या बाईंना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी काल पैज लावली आणि मी थोडीच माघार घेणार! आपल्या धर्मात हे पाप आहे हे ठाऊक असूनही गेले. बाईंनी डोळे मिटले आणि हुबेहूब दादाच्या आवाजात म्हणाल्या, "टिल्लू, मी बरा आहे. उद्या एकटीच ये." हे नाव घराबाहेर कुणालाच माहीत नाही! मैत्रिणी धूम पळाल्या. मला मात्र तो आवाज ऐकत राहावासा वाटला, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणून फादरांकडे पापनिवेदनाला चाललेय, भाजी गरम करून घ्या. त्या बाईंकडे मी पुन्हा जाणार नाही. दादाची वाट देवापाशीच बघणार, कितीही दिवस लागले तरी.